सोरायसिस नेमका किती लोकांना असतो?

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन पाळला जातो, आणि त्याच्या आगेमागे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, दवाखान्यांच्या फलकांवरून आणि व्हॉट्सॲपवरून काही आकडे फिरू लागतात. जगात साडेबारा कोटी लोकांना हा आजार आहे, असे एके ठिकाणी वाचायला मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली काढलेल्या अहवालात किमान दहा कोटींचा उल्लेख आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने मात्र २०१७ सालातील प्रौढ रुग्णांचा अंदाज सुमारे २ कोटी ९५ लाख इतकाच दिला. भारताविषयी बहुतेक लेखांत ‘०.४४ ते २.८ टक्के’ असे लिहिलेले असते. हा पट्टा जशाच्या तसा कोल्हापूर जिल्ह्याला लावला, तर २०११ च्या जनगणनेतील ३८ लाख ७६ हजार लोकसंख्येत सोरायसिसचे रुग्ण १७ हजार असू शकतात किंवा १ लाख ८ हजारही असू शकतात. दोन टोकांत सहापटींहून जास्त अंतर असलेल्या अशा अंदाजावर औषधखरेदीचे साधे नियोजनही होणार नाही.

हे सारे आकडे कोणी मनाने रचलेले नाहीत. त्यांतला प्रत्येक आकडा कोणीतरी, कोठेतरी, काहीतरी मोजून काढलेला आहे. काय मोजले आणि कितीजणांपैकी मोजले, हे मात्र आकड्याबरोबर प्रवास करत नाही, आणि सगळा गोंधळ तेथून सुरू होतो.

आधी आजाराविषयी

सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकालीन दाहक आजार आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा विनाकारण चेतवली जाते आणि त्वचेच्या पेशी फार वेगाने तयार होऊ लागतात. एरवी त्वचेच्या वरच्या थराचे नूतनीकरण व्हायला साधारण महिनाभर लागतो, तर सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम तीन ते पाच दिवसांत उरकते. पिकून गळून पडायला वेळच न मिळालेल्या या पेशींचे रुपेरी पापुद्रे कोपर, गुडघे, डोके आणि कमरेवर साचतात. गोऱ्या त्वचेवर चट्टे लालभडक दिसतात, पण आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर ते जांभळट किंवा गडद तपकिरी दिसू शकतात. पाठ्यपुस्तकातील लाल चित्र डोळ्यांपुढे ठेवणाऱ्याच्या नजरेतून ते सुटतात, हे मोजणीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

हा आजार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, कपड्यांतून, एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही. तो कायमचा बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही, पण आटोक्यात ठेवणारे उपचार चांगले आहेत. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने ठराव करून सोरायसिसला गंभीर असंसर्गजन्य आजारांत स्थान दिले आणि सदस्य देशांना त्याकडे लक्ष देण्यास सांगितले.

किती नवे आणि एकूण किती?

पावसाळ्यात राधानगरी धरणाविषयी कोल्हापुरात रोज तीन आकडे छापून येतात: पाण्याची आवक, विसर्ग आणि पाणीसाठा. आजारांच्या मोजणीतही हेच तीन आकडे असतात. वर्षभरात किती नव्या लोकांना आजार झाला, ही आवक. बरे होऊन किंवा मृत्यू पावून किती जण यादीतून गेले, हा विसर्ग. आणि आज एकूण किती लोक आजारासह जगत आहेत, हा साठा. या साठ्याचे लोकसंख्येशी असलेले प्रमाण म्हणजे त्या आजाराची व्याप्ती. ‘सोरायसिस किती जणांना असतो’ या प्रश्नाचे उत्तर व्याप्तीत शोधायचे असते.

सर्दीची आवक प्रचंड, पण विसर्गही तितकाच, म्हणून साठा कधी फार चढत नाही. सोरायसिसचे उलट आहे. आवक थोडी, पण एकदा आत आलेला रुग्ण आयुष्यभर आतच राहतो. त्यामुळे दरवाजे जवळजवळ बंद असलेल्या धरणासारखी पातळी हळूहळू चढत जाते. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात नेमके हेच दिसले. १९९९ ते २०१३ या काळात दर लाख लोकांमागे दरवर्षी निदान होणारे नवे रुग्ण १५९ वरून १२९ पर्यंत उतरले, तरीही व्याप्ती २.३ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर गेली. आवक घटली आणि साठा वाढला, बहुधा रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक वर्षे जगू लागल्यामुळे. तेव्हा ‘सोरायसिसचे रुग्ण वाढले’ हे वाक्य वाचून हवेत किंवा अन्नात काहीतरी बिघडले असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. रुग्ण दीर्घायुषी होणे ही चांगली बातमीही त्याच वाक्यात दडलेली असू शकते.

भारताचा आकडा आला कोठून?

आता त्या ‘०.४४ ते २.८ टक्के’कडे वळू, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत जास्त गैरसमज याच आकड्याने पसरवला आहे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिब्रुगड, कोलकाता, पाटणा, दरभंगा, लखनौ, दिल्ली आणि अमृतसर येथील वैद्यकीय महाविद्यालयांमधून माहिती गोळा केली गेली. तिथे सोरायसिसचे प्रमाण शहरागणिक ०.४४ ते २.२ टक्के निघाले, सरासरी १.०२ टक्के, आणि सर्वांत जास्त अमृतसरला. उत्तर भारतातील नंतरच्या एका रुग्णालयीन पाहणीत २.८ टक्के आढळले. दोन्ही टोके एकत्र करून भारताचा पट्टा तयार झाला.

पण हे टक्के कशाचे आहेत? शाळेत अपूर्णांक शिकताना वर अंश आणि खाली छेद असतो, हे आपण शिकलेलो असतो. येथे अंशाच्या जागी सोरायसिसचे रुग्ण आहेत, आणि छेदाच्या जागी त्या शहराची लोकसंख्या नसून त्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात आलेले रुग्ण आहेत. म्हणजे ‘त्वचारोगासाठी केसपेपर काढलेल्या दर शंभर लोकांत एकाला सोरायसिस होता’ एवढेच विधान करता येते. त्याचे ‘दर शंभर भारतीयांत एकाला सोरायसिस आहे’ असे रूपांतर पुढच्या लेखकांनी, एकाचे वाचून दुसऱ्याने, करून टाकले.

छेद बदलला की आकडा कसा हलतो, हे कोल्हापूरवरून सहज समजते. समजा, शहरातील एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जानेवारीत दोन हजार रुग्ण आले आणि त्यांत चाळीस सोरायसिसचे निघाले, तर प्रमाण झाले २ टक्के. जुलैत संततधार लागली, कपडे वाळेनासे झाले, गजकर्ण आणि चिखल्यांनी गावे बेजार झाली आणि ओपीडी चार हजारांवर गेली. सोरायसिसचे चाळीस रुग्ण तेवढेच आले तरी प्रमाण उतरून १ टक्का होईल. आजार एका माणसानेही कमी झालेला नसेल, नायटा मात्र वाढलेला असेल.

अंशही तितकाच डळमळीत आहे. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात आणि शहरातील इतर रुग्णालयांत केवळ कोल्हापूर जिल्ह्यातील रुग्ण येत नाहीत. सांगली, सिंधुदुर्ग आणि बेळगावकडूनही लोक येतात. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून येणारे मजूर काही महिने येथेच असतात, आणि त्यांतल्या एखाद्याने केसपेपर काढला तर तो कोल्हापूरच्या अंशात जातो, पण जनगणनेच्या छेदात त्याचे गाव बीड जिल्ह्यात असते. उलट, गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या वाडीतील ज्या शेतकऱ्याच्या गुडघ्यावर दोन चट्टे आहेत आणि जो त्यावर खोबरेल तेल लावून वर्षानुवर्षे काढतो, तो कोणत्याच केसपेपरवर येत नाही. कोणी वैद्यांकडे जातो, कोणी औषधाच्या दुकानातून मलम आणतो. रुग्णालयाचे दार ओलांडणारे बहुधा आजार जास्त असलेले, जवळ राहणारे किंवा दिवसाची मजुरी बुडवू शकणारे असतात.

भारतातील रुग्णालयीन नोंदींत पुरुष रुग्ण स्त्रियांच्या जवळपास दुप्पट दिसतात आणि अनेक लेखांत तेही आजाराचे लक्षण म्हणून सांगितले जाते. जगभरातील लोकसंख्येवर आधारलेल्या पाहण्यांत मात्र स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. भारतीय पुरुषांची त्वचा इतकी वेगळी असेल, यापेक्षा आपल्या घरांतील बाईचा आजार दवाखान्यापर्यंत उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. तसे असेल तर ते दुपटीचे प्रमाण त्वचेविषयी फार थोडे आणि घरच्या खर्चाच्या प्राधान्यक्रमाविषयी बरेच काही सांगते.

मग घरोघरी जाऊन विचारले तर?

रुग्णालयाऐवजी थेट लोकांकडे जाणे हा योग्य मार्ग आहे, पण ‘विचारणे’ आणि ‘तपासणे’ या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे.

नॉर्वेतील ट्रॉम्सो या शहरात अनेक वर्षे चाललेल्या पाहणीत लोकांना ‘तुम्हाला कधी सोरायसिस झाला होता का’ असे विचारले गेले. १९७९-८० मध्ये ४.८ टक्के लोकांनी होय म्हटले, तर २००७-०८ मध्ये ११.४ टक्के लोकांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालातील ०.०९ ते ११.४ टक्के या पट्ट्याचे वरचे टोक येथूनच आले आहे. प्रश्नातील ‘कधी’ या शब्दामुळे वीस वर्षांपूर्वी एकदा उमटून गेलेला चट्टाही मोजला जातो. म्हणून तज्ज्ञ आज असलेल्या आजाराची व्याप्ती आणि आयुष्यात कधीही झालेल्या आजाराची व्याप्ती वेगवेगळी मोजतात. सोरायसिस मागे-पुढे होणारा आजार असल्याने या दोन्हींत बराच फरक पडतो. अनेकांचा आजार हिवाळ्यात उफाळतो आणि उन्हाळ्यात शांत होतो, त्यामुळे त्याच गावात डिसेंबरात आणि मे महिन्यात मोजणी केली तरी वेगळे उत्तर मिळू शकते.

याच्या उलट टोकाला फॅरो बेटांवरील पाहणी आहे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी सुमारे ११ हजार बेटवासीयांची प्रत्यक्ष तपासणी झाली आणि २.८ टक्के लोकांना सोरायसिस आढळला. योगायोगाने हा आकडा भारतीय पट्ट्याच्या वरच्या टोकाशी तंतोतंत जुळतो, पण तेथे छेद लोकसंख्येचा आहे आणि येथे ओपीडीचा. दोन समान आकडे शेजारी ठेवून उत्तर भारत आणि फॅरो बेटे सारखीच आहेत असे म्हणणे निरर्थक ठरेल.

विचारपूस करून मोजण्यात आणखी एक अडचण आहे आणि ती निव्वळ गणिताची आहे. समजा, आशा सेविकांना छायाचित्रांसह चांगली प्रश्नावली दिली आणि त्यांनी दहा हजार लोकांची पाहणी केली. समजा, खरी व्याप्ती १ टक्का आहे, म्हणजे शंभर रुग्ण आहेत. प्रश्नावली इतकी चांगली आहे की खऱ्या शंभरांपैकी नव्वद जण ती पकडते आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी पंच्याण्णव जणांना ‘नाही’ असे अचूक सांगते. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकी पाच टक्के, म्हणजे ४९५ जण, तरीही चुकून यादीत येतात: कोणाचा नायटा असतो, कोणाचा कोंडा, कोणाचे इसब. यादी झाली ५८५ जणांची आणि व्याप्ती निघाली ५.८५ टक्के, खऱ्याच्या जवळपास सहापट. यादीतील दर सहा-सात जणांत एकालाच प्रत्यक्षात सोरायसिस असेल. आशा सेविकेने यात काहीही चुकीचे केलेले नाही. आजार विरळ असतो तेव्हा निरोगी लोकांची संख्याच इतकी मोठी असते की त्यांच्यातील थोड्याशा चुकांनी खरे रुग्ण झाकले जातात. म्हणून पहिल्या यादीतील प्रत्येकाला त्वचारोगतज्ज्ञाने प्रत्यक्ष पाहावे लागते, आणि खर्च तेथे वाढतो.

देशोदेशी फरक खरा की मोजणीचा?

दोन्ही. मोजणीतील फरक बाजूला काढले तरी काही खरा फरक उरतो. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार प्रौढांमध्ये सोरायसिस सुमारे ३ टक्के आहे, त्यातही गोऱ्या लोकांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांत १.५ टक्के. चीनमध्ये १९८४ च्या देशव्यापी पाहणीत ०.१२३ टक्के आणि नंतर सहा शहरांतील पाहणीत ०.४७ टक्के आढळले. दक्षिण अमेरिकेतील मूलनिवासींच्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या जुन्या तपासणीत एकही रुग्ण सापडला नव्हता.

आनुवंशिकता हे यामागचे एक मोठे कारण आहे. सोरायसिसशी जोडलेली जनुकरूपे सर्व समाजांत सारख्या प्रमाणात नाहीत. विषुववृत्तापासून दूर जावे तसे प्रमाण सामान्यतः वाढते, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी हा आजार शमतो हेही खरे आहे. उपचारांत त्याच किरणांचा मोजून वापर केला जातो. पण कोल्हापूरला ऊन भरपूर आहे म्हणून येथे आजार नगण्य असेल, असे गृहीत धरणे घाईचे होईल. घसादुखीचा जंतुसंसर्ग, त्वचेला होणारी इजा, मानसिक ताण, धूम्रपान, मद्य आणि काही औषधे हेही आजार चेतवतात, आणि त्यांची येथे वाण नाही.

वयाचाही प्रश्न आहे. लहान मुलांत सोरायसिस कमी असतो, आणि तो सुरू होण्याची दोन वये विशेषत्वाने दिसतात: साधारण विशी-तिशी आणि पुन्हा पन्नाशी-साठी. ज्या समाजात मुले जास्त आहेत तेथे कच्ची टक्केवारी आपोआप कमी दिसते. म्हणून दोन देशांची तुलना करताना संख्याशास्त्रज्ञ वयरचना सारखी करून घेतात. वर्तमानपत्रातील तुलनांत ही पायरी बहुधा गाळलेली असते.

जागतिक आकड्यांतील तफावतही आता उलगडते. २०२० च्या अभ्यासाला जगातील ८१ टक्के देशांत सोरायसिसविषयी उपयुक्त माहितीच सापडली नाही. त्या देशांचे अंदाज शेजारील प्रदेशांवरून संख्याशास्त्रीय प्रारूप वापरून काढले गेले, आणि २ कोटी ९५ लाख हा आकडा केवळ प्रौढांचा आहे. साडेबारा कोटींचा आकडा ‘जगाच्या २ ते ३ टक्के’ या वाक्याबरोबर फिरतो. जगाची लोकसंख्या आठ अब्जांच्या वर गेली असताना तो खरे तर दीड टक्क्याच्या आसपास येतो, आणि एकाच वाक्यातील दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत हे तपासायला कोणी थांबत नाही.

कोल्हापुरात नीट मोजायचे झाले तर

नमुना किती मोठा हवा, हा पहिला प्रश्न. खरी व्याप्ती १ टक्का असेल आणि हजार लोक तपासले, तर दहा रुग्ण मिळतील, आणि त्यावरून एवढेच म्हणता येईल की प्रमाण साधारण ०.५ ते १.८ टक्क्यांच्या दरम्यान असावे. दहा हजार तपासले तर तोच पट्टा ०.८ ते १.२ पर्यंत आवळतो. हे लोक कोणते, हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न. महाद्वार रोडवर शिबिराचा मंडप टाकला तर ज्यांना त्वचेचा त्रास आहे तेच रांगेत उभे राहतील आणि आकडा फुगेल. त्याऐवजी बाराही तालुक्यांतून चिठ्ठ्या टाकून गावे आणि प्रभाग, आणि त्यांतून घरे निवडावी लागतील. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार दुपारी झोपलेला असेल, शिरोळचा ऊसकरी शेतात असेल आणि दारात भेटतील ते वृद्ध आणि गृहिणी, म्हणून गैरहजर माणसासाठी पुन्हा फेरी मारावी लागेल. अंगावरचे कपडे दूर करून पाहायचे असल्याने स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, नाहीतर दुपटीचा तो जुना फरक घरोघरच्या पाहणीतही तसाच निघेल.

मोजून मिळणार काय, असे विचारणाऱ्यांना

हा आक्षेप वाजवी आहे. संसर्ग नाही, लस नाही, मग रुग्ण वीस हजार की एक लाख याने काय बिघडते? बिघडते ते असे. बहुसंख्य रुग्णांचा आजार सौम्य असतो आणि मलमांवर भागते, पण ज्यांच्या अंगाचा मोठा भाग व्यापला जातो त्यांना अतिनील किरणांचे उपचार, आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट हे औषध आणि त्यासाठी नियमित रक्ततपासणी, किंवा महागडी जैविक इंजेक्शने लागतात. जिल्ह्यात अशा रुग्णांची संख्या माहीत नसेल तर किरणोपचाराचे यंत्र किती ठिकाणी हवे, हे ठरवता येत नाही. त्वचेच्या आजारासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा चंदगडहून कोल्हापूरला यायचे असेल, तर माणूस पंधरा दिवसांत उपचार सोडतो.

शिवाय हा आजार त्वचेपुरता थांबत नाही. सोरायसिसच्या रुग्णांपैकी साधारण पाचांत एकाला त्याच्याशी निगडित सांधेदुखी होते, आणि गंभीर आजार असलेल्यांत हृदयविकार, मधुमेह, लठ्ठपणा आणि नैराश्य यांचे प्रमाण जास्त आढळते. सांध्यांचे नुकसान एकदा झाले की भरून येत नाही, म्हणून ते वेळेत ओळखण्यासाठी आधी चट्टे असलेली माणसे सापडावी लागतात.

दुसरा आक्षेप असा की मोठा आकडा सांगितला तर लोक घाबरतील आणि लग्ने मोडतील. लग्ने आजही मोडतात, आणि ती आकड्यामुळे मोडत नाहीत. चट्ट्यांना अजूनही काही ठिकाणी महारोग समजले जाते, या दोन आजारांचा एकमेकांशी संबंध नसतानाही.

घरात एकाला असेल तर?

व्याप्तीचा आकडा संपूर्ण समाजाचा असतो आणि एखाद्या घराचा धोका त्याहून बराच वेगळा असू शकतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला सोरायसिस असेल तर अपत्याला तो होण्याची शक्यता सुमारे १४ टक्के धरली जाते, आणि दोघांनाही असेल तर ती ४० टक्क्यांच्या आसपास जाते. याचा अर्थ एका पालकाला आजार असताना दर सात मुलांपैकी सहा जणांना तो होत नाही. समान जनुके असलेल्या जुळ्या भावंडांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही, म्हणजे जनुकांखेरीज आणखी काहीतरी घडावे लागते. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी अंगावर जाड, पापुद्रे सुटणारा चट्टा दिसला तर दुकानातून स्टेरॉइडचे मलम आणून लावत बसण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि सकाळी उठल्यावर बोटे किंवा कंबर अर्धा तास आखडलेली राहत असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तेही सांगावे.